खांद्यावरचा दोष आणि माथ्यावरचा

गोव्यात जुने पोर्तुगीज कागद मराठीत उतरवून देणाऱ्यांना काही शब्दांपाशी पुन्हा पुन्हा थांबावे लागते, त्यांतला एक ‘एझोनेरादो’ हा आहे. सरकारी आदेशांत तो जागोजागी भेटतो. अमुक शिक्षक एझोनेरादो, तमुक कारकून एझोनेरादो, अमुक गावचा रेजिदोर एझोनेरादो. इंग्रजी शिकलेल्या पिढीला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटतो, कारण त्याचे इंग्रजीतले सख्खे भावंड ‘एक्झॉनरेट’ म्हणजे आरोपातून मुक्त करणे, निर्दोष ठरवणे. पोर्तुगीजमध्ये मात्र त्याचा अर्थ पदावरून दूर करणे, कामातून मोकळे करणे एवढाच आहे. माणूस आपण होऊन पायउतार झाला असेल तर ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे दोन-तीन शब्द पुढे जोडलेले असतात. ते नसतील तर वाचणाऱ्याने काय ते समजावे.

फोंडा तालुक्यातल्या एका घरातून असाच एक कागद माझ्याकडे आला. त्या घरातल्या पणजोबांनी पोर्तुगीज काळात रेजिदोर म्हणून गावचा कारभार पाहिला होता आणि कुठल्याशा रकमेच्या घोळात त्यांचे नाव गोवले गेले होते. घोळ नेमका काय होता, रक्कम केवढी होती, हे आता कोणालाच सांगता येत नाही. सांगता येते ते इतकेच, की गावातली काही घरे अजूनही त्या घरी कार्याला येतात पण पंगतीला बसत नाहीत. पेटीच्या तळाशी सरकारी पत्रिकेचा एक कापून ठेवलेला तुकडा निघाला. त्यावर पणजोबांचे नाव होते आणि नावापुढे हा शब्द. कागद पिवळा पडला होता, घडीच्या रेषेवरची अक्षरे उडाली होती, पण तो शब्द शाबूत होता. पणतवाने मोबाइलवर टाकून पाहिले, इंग्रजी अर्थ वाचला आणि तो आनंदाने माझ्या दारात उभा राहिला. ‘बाई, ह्याचे मराठी करून सही-शिक्का द्या, चौकट करून लावणार आहे,’ असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला पोर्तुगीज अर्थ सांगितला. विनंतीवरून वगैरे काही पुढे लिहिलेले नव्हते, तेही दाखवले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग जरा रागानेच म्हणाला, ‘पण मग इंग्रजांना तोच शब्द चांगल्या अर्थाने कसा काय मिळाला?’

प्रश्न रास्त होता. लॅटिनमध्ये ‘ओनुस’ म्हणजे ओझे, आणि ‘एक्सोनेरारे’ म्हणजे ते ओझे उतरवणे. गलबतावरचा माल उतरवणे हा त्याचा अगदी रोकडा अर्थ. जुन्या इंग्रजीत नदी समुद्राला मिळताना आपला भार सोडते अशाही अर्थाने हे क्रियापद वापरत, आणि वैद्यमंडळी पोट साफ होण्यालाही तेच लावत. हा शेवटचा तपशील मी पणतवाला सांगितला नाही. मूळ ओझे एकच, पण ते कशाचे, याविषयी पुढच्या भाषांनी आपापले ठरवले. पोर्तुगिजांनी ते पदाच्या जबाबदारीचे धरले, म्हणून पद गेले की माणूस भारमुक्त झाला. इंग्रजांनी आधी कर, कर्ज, कर्तव्य यांतून सुटका असा अर्थ घेतला आणि पुढे आरोपाचे ओझे उतरणे हाच मुख्य अर्थ होऊन बसला. इंग्रजी अमलातला माणूस ज्या शब्दाने मान वर करून घरी जाई, त्याच शब्दाने गोव्यातला माणूस नोकरी गमावून घरी येई, आणि दोघांच्याही बाबतीत भाषेचे काही चुकले नव्हते.

तो ‘ओनुस’ आपल्या न्यायालयांतही मुक्कामाला आहे. पुराव्याचा भार कोणावर, हा वाद रोज कुठे ना कुठे चालतो, आणि फौजदारी खटल्यात तो भार सर्वसाधारणपणे आरोप करणाऱ्या पक्षावर असतो. म्हणजे ओझे आरोपीच्या खांद्यावर आहे असे आपण समजतो, पण कायद्याने ते उचलायचे असते दुसऱ्याने. त्याला ते उचलता आले नाही की आरोपी मोकळा. इतकी स्वच्छ व्यवस्था असूनही मोकळा झालेला माणूस गावात पूर्वीसारखा वावरू का शकत नाही, याचे थोडेसे उत्तर मला कायद्यापेक्षा मराठीच्या शब्दांत सापडते असे वाटते.

मराठीला ओझे माहीत नाही असे नाही. कर्जाचा बोजा असतो, आणि तो जमिनीच्या उताऱ्यावरही चढतो. जबाबदारीचा भार असतो. उपकारांचे ओझे असते आणि ते फेडून माणूस उतराई होतो. ‘उतराई’ हा लॅटिन शब्दाचा जवळजवळ जुळा भाऊ म्हणावा लागेल. पण हे सगळे देण्याघेण्याचे ओझे झाले. दोषाचा विषय निघाला की मराठी खांदा सोडून थेट माथ्याकडे जाते. खापर माथ्यावर फुटते, दोष माथी येतो, काळिमा तोंडाला फासला जातो, डाग नावाला लागतो, आणि ज्याच्यावर यातले काही नाही तो उजळ माथ्याने फिरतो. खांद्यावरचे ओझे ज्याचे त्याला कळते. ते उतरले की त्याचे त्याला हलके वाटते, इतरांनी पाहिले नाही तरी. माथा मात्र आपला आपल्याला दिसत नाही. तो उजळ आहे की नाही, हे समोरच्याने सांगायचे. इंग्रजी शब्दाप्रमाणे न्यायाधीश ओझे उतरवून ठेवू शकतो, पण मराठीतला माथा उजळण्याचे काम एका माणसाच्या हाती कधीच नसते. त्याला गाव लागते.

या शब्दांतला माझा सर्वांत आवडता शब्द ‘किटाळ’. जुन्या कोशांत त्याचा पहिला अर्थ ठिणगी, तापल्या लोखंडातून किंवा जळत्या लाकडातून उडालेला कण, आणि मग लाक्षणिक अर्थ आळ, खोटा आरोप. ‘तिच्यावर नसते किटाळ आले’ असे आमच्या घरातल्या बायका म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आग असेल असे वाटत नाही, पण शब्दात ती आहे. गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुर पेटतात तेव्हा ती दिसते. गावची पोरे रात्रभर जागून केलेला तो गवत-कागदांचा राक्षस धडाडून पेटतो, दारूकाम उडते, आणि कडेला उभ्या असलेल्या एखाद्याच्या नव्या सदऱ्यावर एक कण येऊन बसतो. तो झटकेपर्यंत विझलेलाही असतो. भोक मात्र तीळभर का होईना, राहते, आणि ते नेमके कोणी पाडले हे विचारण्यात अर्थ नसतो, कारण राक्षस सगळ्यांनी मिळून पेटवलेला असतो.

‘बट्टा’ हा त्याहून व्यवहारी शब्द. नाणे झिजलेले असेल किंवा परक्या टांकसाळीचे असेल तर सराफ त्याच्या दर्शनी किमतीतून काही कापून घेई, ती कपात म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो म्हणजे नाव चालेनासे होत नाही, चालते, पण पूर्ण किमतीला चालत नाही. लोक नमस्कार करतात, घरी बोलावतात, पण पैशांचा व्यवहार हातात देताना एक क्षण थांबतात. बदनाम झालेल्या माणसाचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कुठल्या शब्दात असेल असे मला वाटत नाही.

आणि मग ‘आळ’. तो येतो, आणि तो घेतला जातो. ‘त्याच्यावर आळ आला’ या वाक्यात आणणारा कोणी नाही. पाऊस यावा तसा आळ आला. ‘त्याच्यावर आळ घेतला’ यात कर्ता आहे खरा, पण क्रियापद पाहा: दिला नाही, टाकला नाही, घेतला. संशयही आपण घेतोच. आरोप करणारा जणू काही आपल्याच पदरात घेतो आहे अशी ही रचना आहे, आणि मला वाटते तिच्यातच एक सोय दडलेली आहे. ज्याने दिले त्याच्याकडे परत मागता येते. ज्याने घेतले त्याच्याकडे काय मागायचे? म्हणून आळ मागे घेतला गेल्याचे क्वचितच ऐकू येते. तो टळतो, जातो, विरतो, म्हणजे ज्या पायांनी आला त्याच पायांनी निघून गेला असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

गोव्यात आळ हा शब्द मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो बहुधा चवथीला. त्या संध्याकाळी चंद्राकडे पाहायचे नाही, पाहिलास तर चोरीचा आळ येईल, असे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून सांगितले जाते, आणि त्यामागे स्यमंतक मण्याची गोष्ट. सत्राजिताचा मणी गळ्यात घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला, सिंहाने त्याला मारले, सिंहाला जांबवंताने मारले, मणी गुहेत गेला आणि द्वारकेत चोरीचा आळ कृष्णावर आला. लहानपणी ही गोष्ट चंद्राच्या शापाची म्हणून ऐकली होती. मोठेपणी भागवताच्या दशम स्कंधात वाचली तेव्हा ध्यानात आले की चंद्राचा त्यात काही संबंध नाही, लोकांचा आहे. सत्राजिताने शंका बोलून दाखवली आणि मग लोक ‘कर्णे कर्णे’ जपू लागले असे तिथे म्हटले आहे, म्हणजे कानाकानांतून कुजबुज चालली, आणि क्रियापद वापरले आहे ते जप करण्याचे. पुढच्याच श्लोकात, आपल्याला लिंपली गेलेली अपकीर्ती पुसून काढण्यासाठी कृष्ण प्रसेनाच्या मागावर निघाला असे येते. अपकीर्ती ‘लिप्त’ आहे आणि तिला करायचे ते ‘मार्जन’. आपण आजही दोषांचे परिमार्जन म्हणतो ते याच धातूवरून आले. ओझे कुठेच नाही, सगळा मामला पृष्ठभागावरचा, माखण्याचा आणि पुसण्याचा आहे.

त्या श्लोकात आणखी एक शब्द आहे आणि त्यावरून वाचणारे भराभर पुढे जातात: ‘नागरैः’, नगरवासीयांना बरोबर घेऊन. कृष्णाला मणी एकट्याने आणता आला असता, पण मग तो त्यानेच लपवला होता असे लोक म्हणाले असते. म्हणून ज्यांनी कुजबुज केली त्यांनाच त्याने रानात नेले. मेलेला प्रसेन आणि घोडा त्यांनी पाहिला, पुढे मेलेला सिंह त्यांनी पाहिला. गुहेच्या तोंडाशी ते बारा दिवस थांबले आणि दुःखी होऊन परत गेले, तर आत अठ्ठावीस दिवस झुंज चालली. परत आल्यावर कृष्णाने सत्राजिताला राजसभेत बोलावले आणि सर्वांसमक्ष हकीगत सांगून मणी त्याच्या हातात दिला. घरी नेऊन दिला नाही. विष्णुपुराणात याच कथेत गुहेतली दाई रडणाऱ्या मुलाला गाऊन समजावते, की सिंहाने प्रसेनाला मारले, जांबवंताने सिंहाला मारले, रडू नकोस, हा स्यमंतक तुझाच आहे. चवथीचा चंद्र चुकून दिसला तर जो श्लोक म्हणायचा तो हाच. म्हणजे आपण जो मंत्र समजून पुटपुटतो ती मुळात एका त्रयस्थ बाईची साक्ष आहे, आणि तीसुद्धा अशा बाईची की जिला आपण साक्ष देतो आहोत हे ठाऊकच नव्हते. अशा साक्षीला उलटतपासणीत कोण हरवणार? उत्तरेत याच तिथीला ढेला चौथ म्हणतात. चंद्र दिसलाच तर शेजाऱ्याच्या छपरावर ढेकूळ टाकून त्याच्या शिव्या खाण्याची तिकडे रीत आहे, मोठा आळ टळावा म्हणून लहानसा हक्काने पदरात घेण्याची.

मराठेशाहीच्या कागदांत निर्दोष ठरण्याचा मार्ग याहून कठोर आहे. वाद पुराव्याने मिटला नाही तर दिव्य करावे लागे. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर सोडून पाहायचा. फोड नसेल तर माणूस ‘खरा’, असेल तर ‘खोटा’; नाण्याला लावतात तेच शब्द इथे माणसाला लागतात. जो खरा ठरे त्याला जयपत्र मिळे. प्रायश्चित्त घेऊन पंक्तीत परतणाऱ्याला ब्रह्मसभेकडून शुद्धिपत्र मिळे. ते आता पुस्तकांच्या शेवटी छपाईच्या चुकांसाठी उरले आहे. आजच्या वर्तमानपत्रांत त्या दोन्ही पत्रांची जागा ‘क्लीन चिट’ने घेतली आहे आणि शुद्ध मराठीचे अभिमानी तिच्यावर वैतागतात, पण त्यांतली ‘चिट’ मूळची आपलीच चिठ्ठी आहे. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोक नोकराला चांगल्या वागणुकीचा कागद लिहून देत, त्याला ते ‘चिट’ म्हणू लागले. नोकराला मिळणारा तो कागद आता मंत्र्यांना मिळतो, एवढाच काय तो फरक.

पोर्तुगीजमध्ये निर्दोष सोडण्याला ‘एझोनेरार’ चालत नाही, त्यासाठी ‘आब्सोल्वेर’ हा शब्द आहे: बंध सोडवणे, मोकळे करणे. कोर्टातला न्यायाधीश आरोपीला जे करतो आणि देवळातला पाद्री कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकून जे करतो, त्या दोन्हींना तो एकच शब्द पुरतो. ही दोन कामे खरे तर परस्परविरुद्ध आहेत, कारण एकात ‘तू केलेच नाहीस’ असे सांगायचे असते आणि दुसऱ्यात ‘तू केलेस, तरी जा’ असे. गोव्याने या दोहोंची सरमिसळ फार जवळून पाहिली आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले. पकडलेल्याला त्याच्याविरुद्ध कोणी सांगितले ते कळू दिले जात नसे, आणि बाहेर पडण्याची मुख्य वाट कबुलीतून जात असे. म्हणजे ज्याने काहीच केलेले नाही त्याने आधी दोष अंगावर घ्यायचा, मगच त्याच्यावर दया व्हायची. जुन्या गोव्यात से कथेड्रलजवळ जिथे या न्यायालयाची वास्तू उभी होती, तिला लोक नुसते ‘थोरले घर’ म्हणत. नाव घेतले तरी किटाळ येईल ही भीती त्यामागे असावी, असे मला उगाच वाटत आले आहे.

रोमन लोक या बाबतीत अधिक मोकळे होते. त्यांचे पंच मेण लावलेल्या पट्टीवर एक-दोन अक्षरांत मत देत: सोडतो, दोषी ठरवतो, किंवा तिसरे ‘नोन लिक्वेत’. त्या तिसऱ्याचे भाषांतर करायला मला क्षणभरही लागला नाही, कारण मराठीत त्यासाठी घरचे क्रियापद आहे: निवळले नाही. लॅटिन शब्दाच्या मुळाशीही द्रव आहे, स्वच्छ होणे आहे. पाणी निवळते, आभाळ निवळते, प्रकरणही निवळते, आणि न निवळलेले पाणी जसे प्यायचे नसते तसे ओतूनही टाकायचे नसते. ठेवून द्यायचे असते. आपल्या वर्तमानपत्रांत याला ‘पुराव्याअभावी सुटका’ किंवा ‘संशयाचा फायदा’ म्हणतात, आणि ‘सुटला’ या एका शब्दावर चहाच्या टपरीवर निकाल लागतो. सुटला म्हणजे हातातून निसटला. खटला उभा राहण्याआधीच आरोपमुक्त झालेला आणि पूर्ण सुनावणीनंतर निर्दोष ठरलेला यांतला फरक कायद्याला फार मोलाचा आहे, पण टपरीवर दोघेही सुटलेलेच.

मेल्यानंतर माथा उजळला तर त्याचा उपयोग कोणाला, हा प्रश्न मला मार्केज द ताव्होरा यांच्या बाबतीत पडतो. १७५० ते १७५४ या काळात ते गोव्यात व्हाइसरॉय होते. लिस्बनला परतल्यावर १७५८ मध्ये राजा जुझे पहिला याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, संशय या कुटुंबावर आला, आणि जानेवारी १७५९ मध्ये त्यांना, त्यांच्या पत्नीला व मुलांना बेलेंच्या मैदानात भर लोकांसमोर ठार मारण्यात आले. ताव्होरा हे आडनाव वापरायलाही बंदी झाली. यामागे राजाचा मंत्री असलेल्या ज्या पोम्बालचा हात होता त्याला १७७७ मध्ये राजा वारल्यावर पदावरून जावे लागले, म्हणजे पोर्तुगीज अर्थाने त्याचे ओझे उतरले. आणि राणी मारिया पहिली हिच्या काळात १७८१ मध्ये खटल्याची फेरतपासणी होऊन न्यायाधीशांनी ताव्होरा कुटुंबाला निर्दोष ठरवले, म्हणजे इंग्रजी अर्थाने त्यांचे. एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच गोष्टीत पुरे झाले, फक्त एक अर्थ जिवंत माणसाच्या वाट्याला आला आणि दुसरा बावीस वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या.

याच्या अगदी उलट प्रकारही माझ्या टेबलावर येतो, आणि तो गोव्याबाहेरच्यांना सांगितला तर नवल वाटते. काही घरांना निर्दोष असल्याचा कागद नकोच असतो. त्यांना हवा असतो तो ‘कोंदेनादो’ असे स्पष्ट लिहिलेला कागद, पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावल्याचा. १९४६ मध्ये गोवा मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालला नेण्यात आले. त्याच लढ्यातल्या मोहन रानडे यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते लिस्बनच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. यांच्या मागून कितीतरी साधी माणसे आत गेली. त्यांच्या घरच्यांना पुढे सन्मान निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचा पुरावा लागला, आणि आजोबा दोषी ठरले होते हे सिद्ध करण्यासाठी नातवंडे पणजीच्या पुराभिलेखागारात दप्तरे चाळू लागली. एका आजींनी तर भाषांतराचा कागद हातात घेऊन ‘गुन्हा’ या शब्दावर दोनदा बोट फिरवले आणि ‘हें बरें लिहिलां मगे?’ असे विचारले. आजोबांना जर त्या न्यायालयाने निर्दोष सोडले असते तर घराची केवढी पंचाईत झाली असती! माथा उजळ ठेवणारे गाव आणि तो काळवंडवणारे सरकार यांच्यात कोणाचे ऐकायचे, याचा निकाल अशा घरांत केव्हाच लागलेला असतो.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र इतका सरळ निकाल येत नाही. सत्तरी तालुक्यातला एक सरकारी नोकर त्याच्यावरच्या खात्यांतर्गत चौकशीचा अंतिम आदेश घेऊन आला. आदेश इंग्रजीत होता आणि त्यात तो मूळचा शब्द, इंग्रजी अर्थाने, स्वच्छ छापलेला होता. निलंबनाचा कागद कचेरीच्या फलकावर टाचणीने लावला होता. हा मात्र बंद लिफाफ्यात घरी आला होता. त्याला तो गावात देवस्थानच्या आमसभेपुढे मराठीत वाचायचा होता, कारण चौकशी चालू असताना तिथल्या हिशेबाच्या वह्या त्याच्याकडून काढून घेतल्या होत्या. मी ‘दोषमुक्त’ लिहिले. तो म्हणाला, हे आजारातून उठल्यासारखे वाटते. मग ‘आरोप सिद्ध न झाल्यामुळे आरोपांतून मुक्त’ असे लिहिले, कारण मूळ आदेशात तेच होते. ते त्याला मुळीच पटले नाही.

‘बाय, सिद्ध जाले नात म्हणल्यार लोक म्हणटले केल्लेच आसतले. हांवें पयशे घेवंकूच नात, तशें बरयात.’

सिद्ध झाले नाहीत म्हटले तर लोक केलेच असतील म्हणणार, तेव्हा मी पैसे घेतलेच नाहीत असे लिहा, हे त्याचे म्हणणे. तसे मला लिहिता येत नव्हते, आणि मी ते त्याला सांगितले. आदेशात नाही ते भाषांतरात घालता येत नाही. पैसे कोणी घेतले नाहीत हे त्या आदेशात कुठेच म्हटले नव्हते, फक्त याने घेतल्याचे दिसून आले नाही इतकेच म्हटले होते. बराच वेळ आम्ही दोघे त्या तीन परिच्छेदांवर बसलो. पहिला परिच्छेद आरोपांचा, दुसरा मुक्ततेचा, आणि तिसरा, ज्याच्याकडे माझेही फारसे लक्ष गेले नव्हते, तो निलंबनाचा काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ मानावा आणि त्या काळाचे पूर्ण वेतन व भत्ते द्यावेत असा. त्या ओळीचे मराठी वाचून दाखवले तेव्हा तो एकदम सरसावून बसला. हे वर घ्या, म्हणाला. वर घेता येत नाही, मी म्हटले, क्रम मूळचाच ठेवावा लागतो. ठळक अक्षरांतही टाकता येत नाही. मग निदान ‘थकबाकीसह’ तरी लिहा, तो म्हणाला. तो शब्द मूळ आदेशात होता, म्हणून लिहिला. सरकार पैसे परत देते म्हणजे चूक सरकारची होती, इतके गावात कोणालाही कळेल असा त्याचा हिशेब होता, आणि मला तो खोडून काढता आला नाही. त्याने शिक्क्यासह तीन प्रती मागितल्या: एक देवस्थानच्या समितीला, एक स्वतःपाशी ठेवायला, आणि तिसरी सासुरवाडीला, कारण तिकडे धाकट्या मेव्हणीचे लग्न ठरत होते आणि मुलाकडच्यांनी विचारणा केली होती.